बूट घातले की ऑफिस

घरातून काम करणाऱ्या बाईला जग दोनच प्रश्न विचारतं. एक, "मग दिवसभर करतेस तरी काय?" आणि दुसरा, "घरीच आहेस ना, मग जरा एवढं बघशील?" पहिल्याचं उत्तर देता येतं. दुसऱ्याने मात्र माणूस मेटाकुटीला येतो.

ही गोष्ट ज्या बाईची आहे तिला गाड्यांवरचे ड्रायव्हर ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. एका औषध कंपनीच्या गाड्या रोज सकाळी गोदामातून निघत. कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाणार, कुठल्या दवाखान्यात आधी आणि कुठल्या नंतर, हे ताई ठरवायची. समोर दोन स्क्रीन, त्यातल्या एकावर नकाशा, नकाशावर हळूहळू सरकणारे हिरवे ठिपके, आणि कानाला हेडफोन. एक ठिपका म्हणजे एक गाडी. ठिपका लाल झाला म्हणजे गाडी कुठेतरी अडली. काही गाड्यांमध्ये बर्फाच्या पेट्या असत. त्यांतली इंजेक्शनं वेळेत दवाखान्याच्या फ्रिजमध्ये गेली नाहीत तर सरळ फेकून द्यायची. पोरखेळ नव्हता.

आणि ताई कामाला वाघीण होती, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं ते तिला काम येत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

आधी ती ऑफिसात जायची. जायला दोन तास, यायला दोन तास. लेक साखरझोपेत असताना घर सोडायचं आणि लेक पेंगायला लागली की घरात पाय टाकायचा. त्या पोरीला आई म्हणजे रविवारी दिसणारी बाई वाटायची. मग कंपनीने ऑफिसचा एक मजला सोडला आणि काही जणांना स्क्रीन, खुर्ची देऊन घरी पाठवलं. त्यात ताईचा नंबर लागला. पहिल्या दिवशी तिने लेकीची वेणी घातली, तिला शाळेच्या गाडीत बसवून दिलं, आणि परत येताना जिन्यात उभी राहून ढसाढसा रडली. आनंदाने हो! आता हे सुख कुणी काढून घ्यायला आलं असतं तर ताई त्याला चावलीच असती.

पण सुख घरात आलं तसा गोंधळही आला. पहिले काही दिवस ताई पलंगावरच मांडी घालून कामाला बसायची. अंगात गाऊन, केस विस्कटलेले, एका हातात चहा. एकीकडे वॉशिंग मशीन घुरघुरतंय, दुसरीकडे दारावर कुणीतरी बेल वाजवतंय. आणि सासूबाई! सासूबाई तोंडाने फटकळ, मनाने सोनं, पण सून घरात दिसते आहे आणि तिला काम सांगायचं नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अगं, ती वरच्या मजल्यावरची आलीये, दोन मिनिटं बोल तिच्याशी. तिला वाटेल सूनबाईला शिंगं फुटली."

"आई, मी कामात आहे."

"कसलं काम? बसलेलीच तर आहेस!"

कप्पाळ!

अशातच एके सकाळी ते प्रकरण झालं. ताई टोपीवाल्याशी बोलत होती. टोपीवाला म्हणजे एक जुना ड्रायव्हर, ताई सांगेल तो रस्ता त्याच्यासाठी देवाचा शब्द. तेवढ्यात लेक अनवाणीच दाराबाहेर पळाली. ताई ओरडली, "मागे फिर! आधी मागे फिर म्हणते ना!" लेक हसत पुढे पळाली. मागे फिरला तो टोपीवाला. दवाखान्याचं फाटक समोर दिसत असताना बिचाऱ्याने गाडी वळवली आणि थेट गोदामाचा रस्ता धरला. का, कशाला, एका शब्दाने विचारलं नाही. ताईच्या लक्षात येईपर्यंत तो निम्म्या वाटेवर गेला होता. एक अख्खी पेटी वाया गेली.

मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब कमी बोलणारा माणूस. आवाज चढवायचे नाहीत, पण समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

"ताई, तुमच्या घरात फार आवाज आहे," ते म्हणाले. "तीन महिने बघू. नाही जमलं तर परत ऑफिसात यायचं. जमलं तर कायमचं घरून. मध्यंतरी एखाद्या दिवशी मी स्वतः ऐकत बसेन."

ताईने फोन ठेवला आणि कानाला खडा लावला. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोलीतला पलंग भिंतीला सरकवला, खिडकीशी टेबल लावलं, अंघोळ केली, ऑफिसला जायचे कपडे घातले, आणि पायात नवे कोरे बूट चढवले.

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

"बूट? घरात?"

"नवे आहेत, आई. रस्ता बघितलेला नाही त्यांनी. पायात बूट आहेत तोवर मी या घरात नाही. मी ऑफिसात आहे असं समजायचं."

"आणि मी कोण? शिपाई?"

"तुम्ही सासूबाईच. पण सून ऑफिसात गेलेली सासूबाई. पूर्वी मी दोन तासांवर असायचे तेव्हा तुम्ही मला भाजी निवडायला हाक मारत होतात का?"

"तेव्हा मारली असती तर ऐकू गेली नसती."

"आताही नाही जाणार."

सासूबाईंनी विळी बाजूला ठेवली आणि सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि काही सांगायचं झालं तर?"

"अकरा वाजता पंधरा मिनिटं बूट काढीन. तेव्हा काय ते सगळं एकदम सांगा. मग एक वाजता जेवायला. मधे कुणीही दार वाजवायचं नाही. तुमचा मुलगाही नाही."

नवरा तिथेच उभा होता. तो एका शाळेत गणित शिकवायचा, आणि घरात दोन बायका बोलत असताना मधे पडू नये, एवढं गणित त्याला चांगलं येत होतं. तो डबा उचलून निघून गेला.

पहिला आठवडा सासूबाई धुसफुसत होत्या. "काय तो थाट! स्वयंपाकघरात यायलासुद्धा मॅडमना बूट काढावे लागतात," असं भिंतीला ऐकवायच्या. अकराच्या सुट्टीला त्यांनी दरबार असं नाव ठेवलं. घड्याळाचा काटा अकरावर आला की म्हणायच्या, "चला, दरबार भरला. गरिबांची गाऱ्हाणी ऐका." पण गाऱ्हाणी साठवून ठेवता ठेवता एक गंमत झाली. अकरा वाजेपर्यंत निम्मी गाऱ्हाणी आपोआप मिटायची. गॅसवाला स्वतःच यायचा, हरवलेला चष्मा डोक्यावरच सापडायचा. सासूबाई चतुर बाई. त्यांच्या ते लक्षात आलं, पण कबूल कोण करणार!

त्यांचं मन फिरलं ते एका दरबाराच्या वेळी. चहा द्यायला त्या खोलीत आल्या आणि सहज स्क्रीनसमोर थबकल्या.

"हे काय मुंग्यांसारखं?"

"गाड्या आहेत, आई. ही टोपीवाल्याची. या पेटीत लहान मुलांच्या वॉर्डाची इंजेक्शनं आहेत. ही दहा मिनिटांत पोचायला हवी."

सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या. ठिपका सरकत होता, चौकात थांबत होता, पुन्हा सरकत होता. चहा निवून गेला. ठिपका दवाखान्यावर जाऊन थांबला तेव्हा त्यांनी असा सुस्कारा टाकला, जणू पेटी त्यांनीच डोक्यावरून वाहून नेली.

"आणि हे तू रोज करतेस?"

"रोज."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? मला वाटलं, तू नुसती फोनवर गप्पा मारतेस."

ताईने आधी दहादा सांगितलं होतं, पण ते जाऊ द्या. त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या, आणि अशा बदलल्या की बघत राहावं. मिक्सर आणि वॉशिंग मशीनला दुपारी एकनंतरचीच परवानगी. बेलचं बटण त्यांनी शेजारच्या वायरमनकडून बंद करून घेतलं. वरच्या काकू गप्पा मारायला आल्या की सासूबाई दारातच ओठांवर बोट ठेवून उभ्या.

"सून ऑफिसात आहे," त्या कुजबुजायच्या.

"अहो, मग आपण आत बसू की."

"ऑफिस आतच आहे."

काकूंना काही केल्या ते उमगायचं नाही, आणि सासूबाईंना त्याचाच आनंद व्हायचा. नवा गडी नवं राज्य म्हणतात, इथे तर जुनाच गडी नव्या राज्यात डोळ्यांत तेल घालून पहारा करत होता.

आणि काम? काम तर असं चाललं की ड्रायव्हरही म्हणायला लागले, ताई घरी गेल्यापासून जास्त ऑफिसात असते. ती कामाला बसली की दिवसातल्या अवघड गाड्या आधी लावून टाकायची, सोप्या मागून. ज्या दवाखान्यांचं फाटक उशिरा उघडतं त्यांना आधी फोन करून जागं करायची. काम संपलं की स्क्रीनवर कापड टाकायची, आणि मग मोठ्या साहेबांचा फोन जरी आला तरी तो दुसऱ्या दिवशीच परत लावायची. दुपारी लेक शाळेतून आली की ती संपूर्ण लेकीची. तीन महिन्यांत एकही पेटी वाया गेली नाही. ताईची मान ताठ झाली होती, आणि का होऊ नये?

तीन महिने संपायला आले आणि शुक्रवारी सकाळी साहेबांचा आवाज हेडफोनमध्ये आला. "आज मी ऐकतोय. तुम्ही तुमचं काम करा. निकाल सोमवारी, सगळ्यांसमोर."

ताईने दार लोटून घेण्याआधी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मूठ आवळून दाखवली, हाण म्हणून.

आणि नेमका त्याच दिवशी नदीवरचा पूल बंद झाला. कुठलासा मोठा ट्रक त्यावर आडवा झाला होता. नकाशावरचे तीन ठिपके एकापाठोपाठ लाल झाले. दोन पेट्या पुलाच्या अलीकडे अडकल्या, दवाखाने पलीकडे. पलीकडून परतणारी एक रिकामी गाडी तेवढी होती, पण तिच्या आणि पेट्यांच्या मधे नदी.

दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळून बसलं असतं. ताईचे डोळे चमकले.

"टोपीवाले, गाडी बाजूला लावा आणि पेट्या उतरवा. पूल गाड्यांना बंद आहे, माणसांना नाही. एक पेटी तुम्ही घ्या, एक मागच्या गाडीवाल्याला द्या, आणि चालत निघा. पलीकडच्या टोकाला मी गाडी उभी करतेय."

"चालत, ताई?"

"चालत. बर्फ अजून तासभर टिकेल. तुम्ही दहा मिनिटांत पलीकडे असाल. पळू नका, पेटी आपटेल."

मग पोलिसाशी बोलणं, पलीकडच्या ड्रायव्हरला पुलाच्या तोंडाशी आणणं, दवाखान्यांना कळवणं, उरलेल्या सगळ्या गाड्या लांबच्या पुलावरून वळवणं. अकरा कधी वाजून गेले हे तिला कळलंही नाही. दरबार त्या दिवशी भरला नाही. एक वाजला तेव्हा नकाशावरचा प्रत्येक ठिपका हिरवा होता.

तेव्हा कुठे साहेब बोलले. "घरात तुम्ही एकट्याच होतात का?"

"नाही साहेब. सासूबाई आहेत."

"चिमणीचाही आवाज आला नाही," ते म्हणाले. "सोमवारी बोलू."

ताईने हेडफोन काढला, बूट भिरकावले आणि नाचतच बाहेर आली. "आई! अहो आई! पूल पायी ओलांडला आपण!"

उत्तर आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. पाठ कपाटाला टेकलेली, डावा पाय सरळ पसरलेला, घोटा सुजून टम्म झालेला. शेजारी स्टूल आडवं पडलं होतं. मांडीवर शेंगांची टोपली, आणि त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. चेहरा मात्र पांढराफटक.

"संपलं का तुझं?" त्यांनी विचारलं. "मग आता मला जरा उठव."

"आई! हे काय? कधी पडलात?"

"झाला असेल थोडा वेळ. वरचा डबा काढायला गेले नि स्टूल सरकलं. म्हटलं अकराला तू येशीलच. मग तू आली नाहीस, तेव्हा समजले, काम जोरात आहे."

"थोडा वेळ? अकराच्या आधीपासून बसलाय तुम्ही इथे?"

"टोपली हाताशी होती, बरं झालं. शेंगा तरी झाल्या."

"आणि मोबाइल कुठाय?"

"तिकडे, टेबलावर. आवाज मीच बंद करून ठेवलाय. तुझ्या साहेबांनी ऐकला असता."

ताई त्यांच्या शेजारी खाली बसली. गावभरच्या गाड्या कुठल्या चौकात उभ्या आहेत हे जिला पाठ, तिला भिंतीपलीकडे आपली सासू दोन तास जमिनीवर बसली आहे हे ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने सासूबाईंचा हात धरला. तो थंडगार होता.

वरच्या काकू आणि त्यांचे यजमान धावत आले. खुर्चीत बसवून सासूबाईंना खाली नेलं, आणि खाली जातानाही सासूबाई काकूंना बजावत होत्या, "हळू बोला, जिन्यात आवाज घुमतो." डॉक्टरांनी फोटो काढला. घोट्याचं हाड चिरलं होतं. दीड महिना प्लास्टर.

घरी आल्यावर ताईचा बांध फुटला, आणि तो रागाच्या वाटेने फुटला.

"एक हाक मारायला काय झालं होतं? एक! मी काय राक्षसीण आहे?"

"तूच म्हणालीस, पायात बूट आहेत तोवर तू घरात नाहीस."

"अहो पण हाड मोडल्यावरसुद्धा?"

"हाड मोडलंय हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, मुरगळलाय." सासूबाईही पेटल्या. "आणि मारली असती हाक, साहेबांनी ऐकली असती, आणि तुला परत बोलावलं असतं, मग? परत ती पोर रविवारची वाट बघत बसली असती. मला नाही बघवत. तुला बघवतं का?"

ताई सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला बसली आणि लहान मुलासारखी रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंड काही थांबलं नाही. "रड, रड. प्लास्टर मला नि रडायचं हिने."

नवरा पाण्याचे दोन पेले घेऊन आला, एक इकडे एक तिकडे ठेवला, आणि शहाण्यासारखा लेकीला घेऊन बाहेर गेला.

"आई, ऐका," ताई डोळे पुसत म्हणाली. "मी ऑफिस घरात आणलं ते घरात राहायला. तुम्हाला घराबाहेर काढायला नाही. आता एकच नियम. काही झालं की हाक मारायची. बूट असोत नसोत, साहेब असोत नसोत."

"सोमवार जाऊ दे. निकाल लागू दे. मग मारीन, पोटभर."

"सोमवारीसुद्धा."

"वेडी आहेस का? तीन महिने तोंडाला कुलूप लावलं ते काय शेवटच्या दिवशी उघडू?"

"हो."

"आणि मी हाक मारली, साहेब बोलतायत, तर तू उठून येशील?"

"येईन."

"बोलायला काय जातंय," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

ताई म्हणाली खरी, पण रविवारभर तेच तिच्या डोक्यात घोळत होतं. स्वतःशी खोटं का बोला? जर सोमवारी साहेबांच्या तोंडावर हाक आली तर आपण खरंच उठू का, हे तिचं तिलाच छातीठोक सांगता येईना. दोन तास जाणं, दोन तास येणं तिला आठवत होतं. लेकीची वेणी आठवत होती. आणि कपाटाला टेकलेला तो पांढराफटक चेहराही डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

सोमवारी तिने सासूबाईंना शेजारच्या खोलीत नीट बसवलं, पायाखाली उशी दिली, पाणी हाताशी ठेवलं, आणि दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी टाकली. मग कामाला बसली. गाड्या सोडल्या. हाक ऐकू यावी म्हणून हेडफोन बाजूला ठेवला, आणि दहा वाजता स्क्रीनवर सगळे जमले. घरून काम करणारे सगळे चेहरे चौकोनात, कुणाच्या मागे पडदा, कुणाच्या मागे पुस्तकांचं खोटं चित्र, आणि सगळ्यांच्या मधे मोठे साहेब.

"शुक्रवारी मी ताईंचं काम ऐकलं," साहेब म्हणाले. "पूल बंद असताना एकही पेटी वाया गेली नाही. पण मला दुसरंच सांगायचंय. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बाजार भरलेला असतो. ताईंच्या घरी सकाळभर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. हे कसं जमवलंत, ते सगळ्यांना सांगा. मग मी निकाल देतो."

आयती संधी होती. चार गुळमुळीत वाक्यं बोलली असती तर काम फत्ते. ताईने एक श्वास घेतला.

"साहेब, ती शांतता चांगली नव्हती," ती म्हणाली. "शुक्रवारी माझ्या सासूबाई स्टुलावरून पडल्या. हाड मोडलं. पण तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून दोन तास जमिनीवर बसून राहिल्या, आणि मला हाक मारली नाही. मी त्यांना शिकवलंच तसं होतं. काम चोख झालं, ते मी केलं, आणि ते कसं करायचं ते मी कुणालाही शिकवीन. पण ती शांतता मी कुणाला शिकवणार नाही."

साहेब काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला.

"अगं ए! इकडे ये जरा!"

काय ते टायमिंग! साहेब बघत होते. निकाल अजून त्यांच्या जिभेवरच होता. "दोन मिनिटं थांबा हं," असं तिकडे ओरडून सांगता आलं असतं. तिने खुर्ची मागे ढकलली.

"साहेब, आई बोलावतायत. आलेच."

माईक बंद करायचंही तिला सुचलं नाही. ती धावत शेजारच्या खोलीत गेली. "काय झालं? पाय दुखतोय? पाणी हवंय?"

सासूबाई उशांना टेकून मजेत बसल्या होत्या.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "खरंच येतेस का ते बघितलं."

"आई!" ताईचा आवाज चिरकला. "अहो, साहेब थांबलेत तिकडे! सगळे थांबलेत!"

"थांबू देत की," सासूबाई म्हणाल्या, आणि हळू बोलायची सवय आता त्यांनी पार सोडून दिली होती. "मी नाही का थांबले शुक्रवारी?"

ताईने खाली वाकून त्या बाईला एकदा घट्ट मिठी मारली आणि परत फिरली.

स्क्रीनवर काही जण तोंडावर हात धरून हसत होते, एकीने डोळ्यांना रुमाल लावला होता. म्हणजे सगळं ऐकू गेलं होतं. साहेब मात्र हसत नव्हते.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. मी येते का ते बघत होत्या."

"हूं." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही उठून गेलात तेवढ्या वेळात गाड्या थांबल्या का?"

ताईने नकाशाकडे पाहिलं. टोपीवाला चौक ओलांडत होता. गोदामाकडची गाडी वळणावर होती. एकूण एक ठिपका हिरवा, एकूण एक सरकता.

"नाही साहेब. एकही नाही."

"मग माझी हरकत संपली. तुमचं काम कायमचं घरून." ते बाकीच्या चौकोनांकडे वळले. "आणि तुम्ही सगळे ऐका. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याने हाक मारल्यावर उठायचं. मी थांबेन."

"ताईऽऽ!" एका चौकोनातून कुणीतरी टाळी वाजवली.

तिकडे शेजारच्या खोलीत सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांना साहेबांचं हळू बोलणं ऐकू जात नव्हतं, फक्त टाळी ऐकू गेली होती.

"काय म्हणाले गं?" त्या ओरडल्या. "राहिलं का आपलं ऑफिस?"

माईक चालूच होता. ताईने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि इमारतभर घुमेल अशी आरोळी ठोकली.

"राहिलं हो, आई! राहिलं!"